पेडणे-डिचोलीला तत्त्वज्ञान कशाला?

विद्यापीठाने तत्त्वज्ञानाची व्याख्याने सर्वांना खुली ठेवावीत, ती आजच्या प्रश्नांवर व्हावीत आणि ताळगावच्या पठारावरून उतरून पेडणे, डिचोली, साखळीपर्यंत यावीत, असे कुणी म्हटले की गोव्यात ठरलेली उत्तरे मिळतात. पेडण्याच्या पोरांना विमानतळावर नोकरी हवी, कांट नको. डिचोलीच्या ट्रकमालकाचे कर्जाचे हप्ते थकलेत, त्याला न्यायाची व्याख्या ऐकवून काय मिळणार? ज्यांना ऐकायचेच असते ते पणजीला येतातच. आणि मग आवाज जरा खाली आणून शेवटचे सांगितले जाते, की विद्यापीठाने असल्या भानगडीत न पडलेलेच बरे.

हे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. त्यांत प्राध्यापक आहेत, पत्रकार आहेत, पंच-सरपंच आहेत. पण ही सगळी उत्तरे एकाच गृहीतावर उभी आहेत. विचार ही पोट भरल्यानंतरची गोष्ट, आणि या दोन तालुक्यांचे पोट अजून भरलेले नाही, असे ते गृहीत आहे. मला ते मुळातूनच चुकीचे वाटते. पोटाचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे मानल्यामुळे डिचोली आणि पेडणे दोघांनीही किंमत मोजली आहे.

डिचोलीपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा प्रश्न जमीन खणून वर आलेला आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबवले. २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल आला. त्यात दोन गोष्टी होत्या : वर्षाला २ कोटी टनांपेक्षा जास्त खनिज काढायचे नाही, आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत टाकायचा. हा १० टक्क्यांचा निधी कुठल्या भूगर्भशास्त्रातून आला? भूगर्भशास्त्र खनिज किती आहे ते सांगते, ते कुणाचे आहे हे सांगत नाही. या निधीमागचा विचार असा की जमिनीखालचे धन आजच्या पिढीने एकटीने खाऊन टाकायचे नाही, अजून जन्मालाही न आलेल्यांचा त्यात वाटा आहे. कायद्याच्या भाषेत याला पिढ्यांमधला न्याय म्हणतात. जो माणूस अजून अस्तित्वातच नाही, त्याचा आपल्यावर हक्क कसा असू शकतो? असला, तर आज ज्याची बार्ज मांडवीत नांगरून पडली आहे त्याच्या हक्कापेक्षा तो मोठा की लहान? आणि १० टक्केच का, ३० का नाहीत?

हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे आहेत. मी त्यांना ओढूनताणून तत्त्वज्ञानाचे करत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांच्या दारात आणून ठेवले आहेत. आणि म्हणूनच ‘ट्रकमालकाला न्यायाची व्याख्या कशाला’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो. खाणी बंद पडल्यावर त्या ट्रकमालकाने जे विचारले ते नेमके काय होते? बेकायदा खनिज मी काढले नाही, परवाना मी दिला नाही, नफा मी नेला नाही, मग तोट्याचा पहिला वाटेकरी मी का? चूक एकाची आणि भरपाई दुसऱ्याची, हे न्याय्य कसे? न्यायाचा याहून नेमका प्रश्न एखाद्या ग्रंथात सापडेल असे मला वाटत नाही. त्याने तो रस्त्यावर येऊन विचारला आणि आपण त्याला ‘खाण अवलंबित’ असा शिक्का मारून एका योजनेच्या रांगेत उभे केले. त्याला थोडे पैसे मिळाले असतील. त्याच्या प्रश्नाला मात्र कुणी उत्तर दिले नाही.

पुढचेही आठवा. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. मग लिलाव आले. पहिला पट्टा निघाला तो डिचोलीचाच, २०२२ च्या अखेरीस. या सगळ्या काळात डिचोलीतल्या माणसाला या विषयावर बोलण्याची अधिकृत जागा एकच होती, पर्यावरणीय जनसुनावणी. तिथे अधिकारी असतात, कंपनीचे सल्लागार असतात, बोलायला मोजका वेळ असतो. धूळ किती उडेल, पाणी कुठे सोडाल, ट्रक कुठल्या रस्त्याने नेणार हे विचारता येते. पण ही खाण असावी का, ती कुणाची, या प्रश्नांना तिथे जागा नसते, कारण ते प्रश्न आधीच कुठेतरी सुटले आहेत असे धरलेले असते.

ते सुटलेले नाहीत. पोर्तुगीज काळात खाणींच्या सवलती कायमस्वरूपी दिल्या जात. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द होऊन भाडेपट्ट्यांत बदलल्या, तेही २० डिसेंबर १९६१ पासून मागे लागू करून. म्हणजे जमिनीखालचे धन आधी पोर्तुगीज राजवटीने वाटले, मग ते भारतीय राज्याचे झाले, आणि आता लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जाते. तिन्ही वेळा त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलेले नाही. याच तालुक्यातल्या मयेची कहाणी याहूनही लांबते. गोवामुक्तीनंतर जमीनमालक निघून गेला, मालमत्ता निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे घर करून राहिलेल्या मयेकराच्या पायाखालची जमीन कागदावर कधी त्याची झाली नाही. २०१४ च्या कायद्यानंतर सनदा देण्याची भाषा सुरू झाली. अर्धशतकाहून जास्त काळ एक अख्खा गाव ‘मालकी कशाने सिद्ध होते, कागदाने की राबण्याने’ या प्रश्नात जगला. त्या गावाला मालमत्तेच्या तत्त्वज्ञानाची गरज नाही, हे तिथे जाऊन कुणी सांगावे.

डिचोली तालुक्यातल्याच शिरगावचे नाव यात वेगळे घेतले पाहिजे. विहिरी आटल्या म्हणून ज्या गावाला न्यायालयात जावे लागले, तेच हे गाव, आणि लईराई देवीच्या जत्रेला हजारो धोंड, म्हणजे व्रतस्थ भाविक, ज्या होमकुंडातून चालतात तेही हेच गाव. ३ मे २०२५ च्या पहाटे त्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, भरपाई जाहीर झाली, चौकशी झाली. पण गावात, देवळाच्या आवारात, घराघरांत जे बोलले गेले ते वेगळे होते. व्रत वैयक्तिक असते, गर्दी सामूहिक असते. मग अशा ठिकाणी जबाबदारी कुणाची? परंपरेत बदल करण्याचा अधिकार देवस्थानाचा, गावाचा, भाविकांचा की सरकारचा? या विषयावर श्रद्धेला न दुखावता आणि श्रद्धेच्या आड न लपता दोन तास बोलू शकेल असा माणूस गावाला हवा होता. तो विद्यापीठात सापडला असता. त्याला बोलावण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि स्वतःहून जाण्याची रीत विद्यापीठाकडे नाही.

आता पेडणे. मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्‌घाटन झाले. त्याआधी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली होती, कारण अर्जात आणि पाहणीत महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्याच गेल्या नव्हत्या. जानेवारी २०२० मध्ये अटींसह वाट मोकळी झाली. सड्यावर राहणाऱ्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. मी इथे विमानतळाच्या विरोधात लिहीत नाही. पेडण्यातल्या पुष्कळ लोकांना तो हवा होता आणि त्यांच्या त्या इच्छेला कारणे होती. मुंबईच्या किंवा पणजीच्या माणसाने ती हसण्यावारी नेऊ नयेत. माझा मुद्दा असा, की ‘सार्वजनिक हित’ हे शब्द त्या काळात प्रत्येक बाजूने वापरले आणि त्यांचा अर्थ एकदाही उघडपणे तपासला गेला नाही. सार्वजनिक म्हणजे कोण? विमानाने येणारा पर्यटक त्यात येतो, मग सड्यावरचा धनगर त्यात येतो की तो हिताच्या आड येणारा ठरतो? बहुसंख्यांच्या फायद्यासाठी मूठभरांचे घर घेता येते का, आणि येत असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत? हे नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले प्रश्न आहेत. ते ताळगावच्या वर्गात शिकवले जातात, आणि मोपाला जगले जातात.

मग २०२३ साली पेडणे तालुक्याच्या विभाग आराखड्याचा मसुदा आला. शेती, डोंगर, भाटे यांचे रंग नकाशावर बदललेले लोकांनी पाहिले आणि तालुका उठला. मसुदा मागे घ्यावा लागला. हा विजय होता, मला त्याचा आनंद आहे. पण त्या आंदोलनातली एक उणीव मला टोचते आणि ती मी दडवणार नाही. जमीन विकायची की राखायची यावर घराघरांत भांडणे होती. कुळकायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने जो कूळ मालक झाला, त्याचा नातू आज दिल्लीच्या गिऱ्हाइकाला तीच जमीन विकायला तयार आहे. त्याला आपण गद्दार म्हणायचे का? जमीन कसणाऱ्याची हे तत्त्व, कसणे सोडलेल्या कुळाला कसे लागू होते? या प्रश्नाला घोषणा पुरत नाही. मोर्चाच्या व्यासपीठावर तो विचारताही येत नाही, कारण तिथे एकजूट टिकवायची असते. तो विचारायला अशी जागा लागते जिथे बोलणाऱ्याला मत नको, कंत्राट नको आणि टाळीही नको.

एक आक्षेप मात्र मी आदराने घेतो. तो असा, की पेडणे-डिचोलीला विचाराची परंपरा आहेच. देवळात कीर्तन आहे, भजनी मंडळे आहेत, दशावतार आहे. नीती-अनीतीचा खल तिथे रात्रभर चालतो. विद्यापीठाने येऊन तिथे नवे काय सांगायचे?

हे खरे आहे, आणि मी म्हणतो त्याला यातून बळच मिळते. पेडण्याच्या सीमेला लागून असलेल्या बांद्याला १७१४ साली जन्मलेल्या सोहिरोबानाथांनी कुलकर्णीपण सोडले आणि अद्वैताचा विचार ओवीत आणि पदांत मांडला. त्यांचा ‘महदनुभवेश्वरी’ हा काही सोपा ग्रंथ नाही, तरीही त्यांची पदे या मुलखात शेतकऱ्याच्या तोंडी राहिली. इथला माणूस अवघड विचार पेलू शकत नाही, हे म्हणणे अठराव्या शतकातच निकालात निघालेले आहे. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. ज्या सरकारने तालुक्याच्या महाविद्यालयाला एका तत्त्वचिंतकाचे नाव दिले, त्याने तिथे तत्त्वज्ञानाला श्रोता नाही असे म्हणणे त्या नावाशीच प्रतारणा आहे.

पण कीर्तनाची जागा व्याख्यानाने घ्यावी असे मी म्हणत नाही, आणि कीर्तन असताना व्याख्यान नको हेही मानत नाही. कीर्तनाचा पूर्वरंग सिद्धांत मांडतो, उत्तररंग आख्यानाने तो पटवतो. मधेच उठून ‘बुवा, हे मला मान्य नाही’ म्हणायची सोय त्यात नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही नसते. श्रद्धेचा पाया तिथे सर्वांना मान्य असतो. शिवाय देऊळ हे गोव्यात सर्वांचे सारखे नाही. महाजन कोण, मान कुणाचा, गर्भकुडीपर्यंत कोण जातो आणि सभामंडपाबाहेर कोण उभा राहतो, हे ठरलेले आहे. ख्रिस्ती, मुसलमान, नवबौद्ध शेजारी तिथे श्रोता म्हणूनही येणार नाही. मयेचा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेला) आणि भाटकार (जमीनमालक), मोपाचा धनगर आणि पेडण्याचा देसाई यांनी एकाच ओळीतल्या खुर्च्यांवर बसून एकमेकांना प्रतिप्रश्न करायचा असेल, तर त्याला महाविद्यालयाचे सभागृहच लागते. ही जागा फक्त विद्यापीठच देऊ शकते.

‘ऐकायचे ते पणजीला येतात’ या उत्तराचा समाचार थोडक्यात घेतो. इतिहासकार दामोदर कोसंबींच्या जन्मशताब्दीनंतर सरकारच्या कला व संस्कृती संचालनालयाने त्यांच्या नावाने विचारमहोत्सव सुरू केला. कला अकादमीत तो होतो, देशातले नामवंत येतात, आणि तो चांगला उपक्रम आहे. विद्यापीठातही कोसंबींच्या नावाचे अभ्यागत अध्यासन आहे; पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांसारखा माणूस त्यावर होता. पण बहुतेक बोलणे इंग्रजीत, वेळ संध्याकाळची, आणि सभा संपल्यावर पेडण्याला किंवा साखळीला परतायचे कसे, याचा विचार कुणी केलेला नसतो. ज्याच्याकडे मोटार आणि इंग्रजी दोन्ही आहेत तोच या महोत्सवाचा नागरिक. कोसंबी स्वतः असे वागले नव्हते. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात त्यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावसंस्थेवर लिहिले, आणि हिंडून, पाहून, लोकांना विचारून लिहिण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. नव्या काबिजादींतले पेडणे-डिचोली त्यांच्या पद्धतीची वाट पाहत आहेत.

त्यांचे वडील धर्मानंद तर या वादाचे सर्वांत मोठे उत्तर आहेत. सांखवाळ गावात, नारळीच्या बागा सांभाळत, शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या या तरुणाने ‘बालबोध’ नावाच्या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले. मुलांसाठीचे मासिक ते! तेवढ्यावर तो घराबाहेर पडला, पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश हिंडला, पालीचा पंडित झाला आणि पुढे हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाला बसला. सांखवाळला विचार पोहोचला नसता, ‘याला आधी नोकरी हवी’ असे म्हणून कुणी तो अडवला असता, तर केवढे नुकसान झाले असते! छोट्या गावात तत्त्वज्ञान रुजत नाही असे म्हणणाऱ्याने खानदेशातले अमळनेर पाहावे, जिथे प्रतापशेठजींच्या पैशावर १९१६ पासून तत्त्वज्ञानाची संस्था उभी आहे. वाई पाहावी, जिथल्या प्राज्ञपाठशाळेतून लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. ही दोन्ही गावे मुंबई-पुण्याच्या मानाने लहानच.

भाषेबद्दल एवढेच, की या दोन तालुक्यांत घरात कोकणी आणि हातात मराठी वर्तमानपत्र असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. व्याख्यात्याने मराठीत बोलावे, श्रोत्याने कोकणीत विचारावे, त्याने कुणाचे काही बिघडत नाही. राजभाषेचा जुना तंटा या सभागृहात आणू नये, अशी माझी दोन्ही बाजूंना विनंती आहे.

राहिला विद्यापीठाने राजकारणात पडू नये हा मुद्दा. गोव्यात हे वाक्य उच्चारताना माणसाने जरा थांबायला हवे. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचा पहिला गुन्हा भाषण करणे हाच होता. पोर्तुगीज राजवटीत सभा आणि छापील मजकूर यांना पूर्वपरवानगी लागत होती. ती अट मोडण्यासाठी माणसे तुरुंगात गेली. आज परवानगी लागत नाही, तरी विद्यापीठाने आपण होऊन गप्प बसावे, हे कशासाठी? तटस्थतेसाठी असेल तर ती तटस्थता नव्हे. खाण कंपनी बोलते, बिल्डर बोलतो, पक्ष बोलतात, फलक लावून बोलतात. ज्याला या व्यवहारात काही मिळवायचे नाही, तोच एकटा गप्प राहिला तर पारडे आपोआप पैशाच्या बाजूला झुकते. खरी तटस्थता शिस्तीत असते. विरोधी बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे आधी तिच्याच शब्दांत मांडायचे, इतके की त्या बाजूचा माणूस ‘होय, हेच मला म्हणायचे होते’ असे म्हणेल, आणि मग त्यावर बोलायचे. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाला ही शिस्त शिकवलेली असते. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या पद्धतीचा तोच गाभा आहे. राजकीय सभेत ती पाळली जात नाही, म्हणून तर ती दुसरीकडे पाळली गेली पाहिजे.

पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला तेव्हा तो लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे जावा, निर्णय त्यांच्याशी बोलून व्हावेत, असा समितीचा आग्रह होता. तसे झाले नाही. अहवालच दाबून ठेवला गेला आणि अफवा आधी गावात पोहोचल्या. विचार न पोहोचवल्याने राजकारण टळत नाही, ते फक्त अफवेच्या हाती जाते, याचा याहून ठळक पुरावा नको.

व्याख्यानांची आजची रीत मी मुळीच राखू इच्छित नाही. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, शाली, मान्यवरांची मनोगते, आणि शेवटी वेळ संपली म्हणून प्रश्न रद्द, ही रीत श्रोत्याचा अपमान आहे. सक्तीने आणून बसवलेली बी.कॉम.ची मुले म्हणजे जनता नव्हे. मला हवे आहे ते असे : पाऊण तास बोलणे, किमान तेवढाच वेळ प्रश्नांना. विषय गावाने सुचवावा. वक्त्याने आधी गावात येऊन राहावे, पंचायतीचे ठराव, जनसुनावणीची इतिवृत्ते, न्यायालयाचे निकाल वाचावेत. आणि महिन्याभराने त्याने पुन्हा यावे, कारण खरा प्रतिप्रश्न माणसाला घरी गेल्यावर सुचतो.

सुरुवात येत्या वर्षातच करता येईल. डिचोलीच्या झांट्ये महाविद्यालयात खनिजाचा कायमस्वरूपी निधी आणि अजून न जन्मलेल्यांचा हक्क. साखळीच्या सरकारी महाविद्यालयात मयेच्या जमिनीच्या निमित्ताने मालकीचा प्रश्न. विर्नोड्याला सार्वजनिक हित म्हणजे कुणाचे हित. आणि शिरगावात, गावाची तयारी असेल तेव्हा, श्रद्धा आणि जबाबदारी. चार व्याख्यानांना लागणारा पैसा एका परिसंवादाच्या जेवणावळीतून उरेल. विद्यापीठ १९८४ च्या कायद्याने, गोव्याच्या जनतेच्या पैशावर उभे आहे, आणि त्या जनतेत हे दोन तालुके येतात. तत्त्वज्ञानाच्या विभागाने तारखा जाहीर कराव्यात, आणि ज्यांना हे सारे निरर्थक वाटते त्यांनी पहिल्या रांगेत बसून पहिला प्रश्न विचारावा.